बर्फातली पुंगळी

अमेरिकेतल्या वायोमिंगच्या एका डोंगरगावात दुकानातल्या काडतुसांचं नुसतं नाव काढलं तरी व्हर्लिनच्या कपाळाला आठ्या पडायच्या. तो झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरायचा. अख्खा हिवाळा गॅरेजात बसून, सोनार सोनं तोलतो तसा बंदुकीच्या दारूचा कण न् कण तोलत. बायको आर्डिथ मात्र दुकानातून काडतुसांचं खोकं आणून मोकळी व्हायची.

"डबाबंद सूप आणलंस वाटतं?" तो दरवर्षी खिजवायचा.

शिकारीच्या हंगामाच्या पहिल्याच सकाळी समोरच्या उतारावर थोराड एल्क, सांबरासारखं भलंमोठं हरीण, आला. व्हर्लिनची गोळी त्याच्या पाठीवरून गेली. व्हर्लिननं बंदुकीची दांडी मागे ओढली, तशी रिकामी पुंगळी उडून बर्फात गडप झाली. एल्क बावचळून जागीच उभा.

"अरे, झाड ना दुसरी!" आर्डिथ कुजबुजली.

"थांब गं! माझी सगळ्यात लाडकी पुंगळी आहे ती, पुन्हा भरायचीय." आणि तो गुडघ्यांवर बसून बर्फ उकरायला लागला.

आर्डिथनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा एल्ककडे, आणि चाप ओढला. एल्क कोसळला.

"धाडकन काय वाजवतेस?" तो मान वर न करता खेकसला. "आणि इकडे येऊ नकोस, पायाखाली जाईल माझी पुंगळी!"

शेजाऱ्यांना बोलावून तिनं एल्क घरी नेला. दिवस मावळल्यावर व्हर्लिन कुडकुडत दारात उभा राहिला. मूठ उघडून म्हणाला, "सापडली!"



तव्यावर लोण्यात मांसाचे काप परतत आर्डिथ म्हणाली, "बरं झालं. आता तीच खा."