सोमवारचा ताप

दर सोमवारी संध्याकाळी कुंदनला थंडी वाजून ताप भरायचा आणि मंगळवारी उतरायचा. अंबडच्या कारखान्यात भंगारातले जस्ती पत्रे वितळवून त्यांच्या पांढऱ्या धुरातून जस्त परत मिळवायचे. कुंदन तिथे भट्टीवर होता. तो दिवसभर घरी असायचा फक्त रविवारी, त्यामुळे सगळं खापर बायकोवर फुटलं.

"तुझ्या हातचं त्याला सोसत नाय," सासूबाई गोजराबाई म्हणाल्या.

रूपालीने रविवारचं मटण बंद केलं, मग दही, मग वांगी. सासूबाईंनी मीठ-मिरच्या उतरवून मुलाची दृष्ट काढली. ताप काही सोमवार सोडेना. शेवटी वैतागून दिवाळीपासून कुंदन रविवारीही कामावर जायला लागला, आणि ताप थांबला.

"बघ, घरी राहिला नाय की कसा ठणठणीत असतो!" सासूबाई म्हणाल्या. रूपालीला भाजीत मीठ टाकायचीही भीती वाटायला लागली.

मग धाकटा दीर नवनाथ त्याच भट्टीवर लागला. पहिल्याच संध्याकाळी तो गोधडीत कुडकुडत पडला.

"आज गुरुवार आहे," रूपाली म्हणाली, "आणि त्याचा डबा तुम्ही केला होता, आई."

नवनाथ गोधडीतून बोलला, "मुकादम म्हणाला, धुराचा ताप आहे. रोज धूर घेतला की येत नाही. एक दिवस खाडा झाला की परत येतो."

दोघींनी कुंदनकडे पाहिलं. तो निवांत जेवत होता. दिवाळीपासून त्याला एकदाही ताप आला नव्हता.