राणीसावरगावचं ठेसन

छबूबाई माहेरी, राणीसावरगावला, तापानं गेल्याचा सांगावा आला, तेव्हा तिचा नवरा सूर्यभान ओसरीवर लाकडी आगगाडीची चाकं तासत होता. दिवसभर पूर्णेला निजामाच्या रेल्वेत राबायचा आणि घरी येऊन पत्र्याचे इवले रूळ मांडायचा. “अवं, मी सारवू कुठं?” म्हणत छबूबाई रुळांच्या कडेकडेनं सारवायची. “माज्या राणीसावरगावाला ठेसन द्या, मग चूलबी हलवते!” “तिथं रेल्वेच न्हाई गं. नसलेलं ठेसन कसं मांडू?” “तुमची गाडी तरी कुठं खरी हाय?” दहाव्याला शेजारची पार्वतीबाई घर सारवायला आली. “भाऊजी, रुळाच्या टोकापुढं वीतभर जागा कधी सारवलेलीच न्हाई. छबूनं मुद्दाम सोडली जणू. सारवू?” सूर्यभान त्या उघड्या मातीकडे बघत राहिला. “ऱ्हाऊ द्या, वैनी. राणीसावरगाव हाय ते.” रूळ आता त्या मातीवर पोचले आहेत. ठेसन अजून बांधायचं राहिलं आहे.