ह्यांची कॅप्रिस

ह्यांनी कुवेतमध्ये तीस वर्षं रुमैथियातल्या अरबाची कॅप्रिस चालवली आणि तसलीच जुनी अमेरिकन गाडी आपलीही असावी म्हणून झुरले. मी म्हणायचे, “ते धूड ठेवणार कुठे, माझ्या डोक्यावर?” आता ह्यांना माणसंही ओळखू येत नाहीत, तेव्हा आमच्या सुशांतने स्वस्तात मिळाली म्हणून कॅप्रिस बिल्डिंगखाली उभी केली. “बाबा, तुमचीच आहे. बसा.” ह्यांनी रुमाल काढून बॉनेट पुसायला घेतलं. “मालक ओरडेल रे.” लेक तोंड फिरवून उभा राहिला. मला हल्ली रडू येत नाही. ह्यांनी मला बघितलं, लगबगीने मागचं दार उघडलं. “बसा, मॅडम.” मी बसले. हे पुढे बसले, आरशातून माझ्या हुकुमाची वाट बघू लागले. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. पण ड्रायव्हरला कोण अहो म्हणतं? “शत्रुघ्न, गाडी काढ.”