टेबलासमोरचा जोड

केबिनमधल्या कार्पेटचा जोड तिसऱ्यांदा उखडला, तसे खरवंडीकरसाहेब दुरुस्तीला आलेल्या रज्जाकभाईंच्या डोक्यावर उभेच राहिले. हा कारागीर मुद्दाम कच्चा गोंद लावतो, असा त्यांना दाट संशय होता.

रज्जाकभाईंनी खालून पट्टी लावली, इस्त्री फिरवली, जोड बेमालूम मिटवला. "गोंद पक्का आहे, साहेब. बाकी जोड शाबूत आहे. टेबलासमोर तेवढं कुणीतरी पायाच्या अंगठ्यानं उकरतंय."

"कोण? नाव सांगा!" साहेब खुर्चीत बसून कडाडले. "इथं माणसं चपला बाहेर काढून, मान खाली घालून उभी राहतात. त्यांच्यावर आळ घेता? लाज नाही वाटत?"

रज्जाकभाई टेबलासमोर मान खाली घालून उभे राहिले. उत्तराची वाट पाहता पाहता साहेबांची नजर खाली गेली.

रज्जाकभाईंच्या पायाचा अंगठा नव्या जोडावर फिरत होता.