साठ पटीची म्हस

"इकायचं ते का, आधी त्ये सांग." मल्लव्वानं मोबाइल मांडीखाली दाबून धरला. त्यावर येणारा ओटीपी तिनं सांगितल्याशिवाय शिरोलीच्या फौंड्रीचे शेअर विकले जाणार नव्हते. नवऱ्यामागं तिच्या एकटीच्या नावावर राहिलेलं एवढंच.

सून विद्याश्री समोर टेकली. "आत्ती, कंपनी एका शेअरमागं वर्षाला दहा रुपये कमावते. बाजारात शेअर सहाशेला. साठ पट. असल्याच बाकीच्या फौंड्र्या वीस पटीला मिळत्यात. म्हाग झालाय, विकून मोकळं होऊया."

मल्लव्वाचा जन्म म्हशी घेण्या-विकण्यात गेलेला. तिनं हा हिशेब आपल्या गोठ्यात नेऊन बांधला.

"म्हंजे दूध तेवढंच, आन् किंमत तिप्पट?"

"व्हय."

"मग गाभण असंल की गं."

विद्याश्री घुटमळली. "असंलबी. पुढं नफा वाढंल म्हणूनच लोक एवढं देत्यात. पण गाभण हाय का नुसतं पोट सुटलंय, ते आज कुणालाच कळत न्हाय."

"मग कालेजात काय हळदीकुंकवाला गेलतीस?"

दारात उभा असलेला मल्लव्वाचा ल्योक चन्नाप्पा फिसकन हसला. "आव्वा, चाळीस पट हुती तवाबी ही म्हागच म्हणत हुती."

"मग म्हाग हुतं तरी कवा?"

म्हशीच्या कासेला हात लावून दर सांगणारी मल्लव्वा. तिला आता शेपूट कुठलं नि शिंग कुठलं तेच उमगेना.

"घेणारा कोण हाय? त्याला ठावं असंल."

"त्यो दिसत न्हाय, आत्ती. त्यालाबी वाटत असंल, विकणाऱ्याला ठावं हाय."

मोबाइल थरथरला.

"ओटीपी आला! आत्ती, सांगा लवकर, जरा येळानं बाद हुईल त्यो."

जनावरांच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. कापडाखाली हातात हात घालून, बोटं दाबून होतो. समोरचा कितीही बेरकी असो, त्याचं बोट कुठंतरी कचरतंच. मल्लव्वानं मोबाइल मांडीवर घेतला, वरनं पदर ओढला आणि आत काचेवर बोटं टेकवून, डोळे मिटून बसली.

"आत्ती, अवो..."

"गप."

पदरातनं झिरपणारा उजेड थोड्या वेळानं विझला.

"हात काढून घेतला गं त्यानं," ती म्हणाली.