पाचवा महिना

"किती महिने झाले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पाच," भिकुबाई म्हणाली, आणि तिने पदर तोंडावर ओढून घेतला.

जळगावच्या त्या दवाखान्यात खोलीचं दार लावलेलं होतं, तरी बाहेर बाकावर बसलेल्या मगनला, आपल्या नवऱ्याला, सगळं ऐकू जातंय असं तिला वाटत होतं. पौषाची सकाळ होती. बाहेर माणसं घोंगड्या गुंडाळून बसली होती आणि भिकुबाईच्या पाठीवरून घामाचा ओघळ चालला होता. चुलीशी तोंड नेल्यासारखा चेहरा तापत होता. तपासायच्या टेबलावर पडल्यापडल्या, छताकडे बघत तिने इतके महिने मनात दडवलेलं एकदाचं विचारून टाकलं.

"बाई, माले दिन तं नही ना गयात?"

डॉक्टरीणबाईंचा हात पोटावरून फिरत राहिला.

"घरमा सून शे. तिले सातवा लागना. शेचाळीस वरीसनी बाई मी. सासू-सून संगेच बाळंत व्हयन्यात, तं गावले कसं तोंड दखाडू?"

"त्यावर काही घेतलंत का? खरं सांगा."

भिकुबाई उठून बसली. पिशवीत हात घालून तिने बाटली काढली. गल्लीतल्या बेबाबाईने दिलेला काळा काढा. तीन दिवस घे, मोकळी होशील, असं ती म्हणाली होती.

"एकच घोट पिधा. उलटी व्हई गई."

डॉक्टरीणबाईंनी बूच काढून वास घेतला आणि बाटली मोरीत उपडी केली. हात धुतले, पुसले, मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.

"मूल नाही. पाच महिन्यांचं असतं तर माझ्या हाताला लागलं असतं. तुमची पाळी जाते आहे. हा घाम, ही धडधड, झोप उडणं, सगळं त्याचंच. तीन दिवस हा काढा प्यायला असतात, तर मूल नव्हतंच, पण तुम्ही गेला असतात."

भिकुबाईने आपल्या पोटावर हात ठेवला. पाच महिने ती वाकताना पोट सांभाळत होती, सुनेच्या नजरेला नजर देत नव्हती, पाण्याला सगळ्यांच्या आधी एकटीच जात होती. आणि पोटात काहीच नव्हतं. तिला हसू आलं, लगेच रडूही आलं. कुणीतरी यायचं राहून गेल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याचीही तिला लाज वाटली.

"कितला दिन चाली हाई?"

"वर्ष, दोन वर्षं. कुणाला जास्तही. नव्या गोळ्या निघाल्या आहेत, मुंबईहून मागवून देईन. त्यानं आग कमी होते. पण मळमळतं, आणि पाळीसारखं पुन्हा अंगावर जाऊ शकतं. गोळ्या थांबवल्या की आग परतही येते. नाहीतर तसंच काढायचं. तिखट कमी, चहा कमी, थंड पाण्यानं तोंड धुवायचं."

भिकुबाई विचारात पडली. गेल्या आठवड्यात विहिरीच्या पायऱ्यांवर तिला घेरी आली होती. डोक्यावरची कळशी गडगडत पाण्यात गेली. उद्या कळशीच्या जागी कडेवर नातू असला तर? गोळ्या बऱ्या. पण सुनेला माय नव्हती, बाळंतपण सासरीच व्हायचं होतं.

"गोया लिसू तं परत बाजूले बसनं पडी का?"

"अंगावर गेलं तर तुमच्या घरात बसवतीलच."

"मंग पोरीनं बाळंतपण कोन करी?"

डॉक्टरीणबाईंनी हातातली लेखणी खाली ठेवली.

"आते नको," भिकुबाई म्हणाली. "सूननं निभी जाऊ द्या. मंग नही सोसायनं, तं मीच इसू गोया मांगाले."

"या. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावर गेलं, तर एक दिवसही थांबू नका."

बाहेर मगन उठून उभाच होता. दोघं मोटारीच्या अड्ड्याकडे चालत गेली. धरणगावच्या मोटारीत जागा मिळाली, मोटार हलली, तेव्हा समोर बघतच त्याने विचारलं, "छाती तपासी का त्यास्नी?"

"तपासी."

"क्षय तं नही ना?"

भिकुबाईने चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्याची धाकटी बहीण अशीच रात्री घामाने भिजून उठायची. तिला जाऊन बारा वर्षं झाली होती. म्हणजे रात्री भिकुबाई अंगावरची गोधडी फेकायची, तेव्हा हाही जागाच असायचा.

"क्षय नही. वय व्हयनं."

"कोनं?"

"मनं," तिने स्वतःकडे बोट केलं.

मगनने एवढा मोठा श्वास सोडला की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने वळून पाहिलं.

मोटारीचे सगळे जाड पडदे थंडीमुळे खाली सोडलेले होते. अर्ध्या वाटेवर भिकुबाईला पुन्हा तो जाळ चढू लागला. छाती धडधडली, कपाळावर घाम फुटला. तिने कसाबसा पदराने वारा घेतला. मगनने तिच्याकडे पाहिलं, तिच्यावरून हात नेऊन दोरी ओढली आणि पडदा वर केला. बोचरा वारा सरळ आत घुसला.

"ओ भाऊ! पडदा खाली टाका ना! पोरं गारठी ऱ्हायनात!" मागून कुणीतरी ओरडलं.

घरात चार माणसांसमोर बायकोचं नाव न घेणारा मगन मागे वळला.

"थोडं सोसा भाऊ," तो म्हणाला. "तिले गरम व्हस."

भिकुबाईने डोळे मिटून वाऱ्याकडे तोंड केलं. धरणगाव येईपर्यंत मगनचे दात वाजत होते, पण पडद्याची दोरी त्याने हातातून सोडली नाही.