खिडकीतला मॉनिटर

साहेब, लोकांना आपला सातबारा डोळ्यांनी पाहता यावा म्हणून तहसील कचेरीच्या खिडकीत दुसरा मॉनिटर तुम्हीच ठेवला, आणि तो लागू नये याची काळजीही तुम्हीच घेतली. त्याची निळी पिन कॉम्प्युटरच्या पांढऱ्या सॉकेटात जात नाही, मधे ॲडॉप्टर लागतो. दहा महिने तुमचं एकच, "मागवला आहे." दसऱ्याला त्या बंद डब्याला झेंडूचा हार मात्र घातलात.

सोमवारी मीच वर्ध्याहून ॲडॉप्टर आणून लावला. पडदा उजळला तेव्हा खिडकीशी अल्लीपूरच्या आनंदाबाई होत्या. नवरा गेल्यापासून वावर त्याच कसतात. माझ्या साक्षरता वर्गात आपलं नाव तेवढं वाचायला शिकल्या.

"टाकलं ना मावशी तुमचं नाव," आतून ऑपरेटर म्हणाला.

त्यांनी काचेवरून बोट फिरवलं, दोनदा. "मंग याच्यात दिसून काऊन नाई राह्यलं रे बापू?"

तिथे एकच नाव होतं, त्यांच्या दिराचं.

मंगळवारी मॉनिटर पुन्हा काळा. शिपाई म्हणाला, "बाहेरची वस्तू चालत नाई. साहेबानं काढाले लावली."

दहा महिने जो ॲडॉप्टर तुम्हाला जोडता आला नाही, तो एका दिवसात काढता कसा आला? आनंदाबाई खिडकीशी उभ्या आहेत. उत्तर द्या.